फ्रिजची साक्ष

ताईच्या हातातला साखरेचा डबा मी हिसकावून घेतला आणि पाच मिनिटांच्या आत ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी झाली. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुठेतरी मधे घुसडून सांगितलं तर मी स्वतःची कातडी वाचवतेय असं वाटेल. खरं तर मला सांगायचंय ते माझ्या भाऊजींबद्दल, म्हणजे ताईच्या यजमानांबद्दल. पण त्यांच्याबद्दल काहीही सांगायला बसलं की तो उंच, चंदेरी, दोन दारांचा फ्रिज मधे येतो, आणि फ्रिज आला की तो डबा येतोच.

भाऊजी जन्मभर फ्रिजवाले. विसाव्या वर्षी पाना हातात घेतला तो साठी आली तरी खाली ठेवलेला नाही. आधी स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी एका मोठ्या शोरूममध्ये नोकरी धरली. तिथली विक्रेती मंडळी गिऱ्हाइकाला फ्रिजचा रंग दाखवतात, दारातून बर्फाचे तुकडे कसे पडतात ते दाखवतात आणि भुरळ घालतात. त्यानंतर भाऊजी टेप घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जातात आणि भुरळ उतरवतात. जिना किती रुंद, लिफ्टचं दार किती, स्वयंपाकघराची चौकट किती, सगळं मोजतात. मग गृहिणीला विचारतात, तुमचं सगळ्यात मोठं भांडं कुठलं? ते आणायला लावतात, मोजतात आणि सांगतात की साइड बाय साइडमध्ये दोन्ही कप्पे उभे आणि अरुंद असतात, हे भांडं आत जायचं नाही, तुम्ही वर-खाली दारांचा घ्या. शोरूमचा मालक कपाळाला हात लावायचा. पण भाऊजींनी मापून दिलेला फ्रिज कधी परत आला नाही, हेही त्याला माहीत होतं.

एका वकिलांनी त्यांचं न ऐकता फ्रिज मागवला. तो जिन्याच्या वळणावर अडकला आणि अकरा दिवस तिथेच उभा राहिला. वरच्या मजल्यांवरची माणसं पोट आत घेऊन ये-जा करत होती. शेवटी भाऊजींनी जाऊन फ्रिजची दोन्ही दारं उतरवली, वकिलांच्या घराचंही दार उतरवलं आणि तासाभरात फ्रिज आत नेऊन ठेवला. वकील आभार मानायला लागले, तर भाऊजी म्हणाले की आता सहा तास प्लग लावू नका, आडवा झालाय, त्याला शांत होऊ द्या. पाहुण्याला सांभाळावं तसं ते फ्रिजला सांभाळत.

सगळे त्यांना 'चार डिग्री' म्हणतात. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, भाऊजी थर्मामीटर लावत. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला घ्यायच्या आधी फ्रिज उघडायचे. आत चार डिग्री असेल तर चेहरा उजळायचा. सात असेल तर त्या घरच्यांना ऐकून घ्यावं लागे. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघायचे. कागद सहज निघाला तर रबर गेलं. मागची जाळी किती दिवसांत पुसली नाही, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. माझे यजमान म्हणायचे, तुझे भाऊजी आपल्याकडे येत नाहीत, आपल्या फ्रिजला भेटायला येतात. मी हसायचे. मला भाऊजींचं कौतुकच होतं. मी शाळामास्तरीण, मला शिस्तीची माणसं आवडतात.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येत, दूध नासतंय, बर्फ साठतोय, आणि वर सांगत की आम्ही दार फार उघडत नाही हो. भाऊजी काही न बोलता त्यांच्या घरी जात, फ्रिजवरची दोन बटणं एकदम दाबून धरत, आणि छोट्या पडद्यावर एक आकडा येई. दार किती वेळा उघडलं तो आकडा. ही युक्ती फक्त मेकॅनिकना ठाऊक असते. आकडा दाखवून ते म्हणत, "माणसं बोलतात. फ्रिज खोटं बोलत नाही."

या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र सव्वीस वर्षं एकाच दाराचा जुना फ्रिज होता. त्याच्या पोटातलं सगळं त्यांनी दोनदा बदललं होतं, फक्त पत्रा जुना. ताईची मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि त्याच सुमाराला शोरूममध्ये मांडलेला एक साइड बाय साइड फ्रिज, नवं मॉडेल येणार म्हणून, बाहेर काढला. एका बाजूला लांबलचक ओरखडा होता, बाकी कोरा. ओरखड्याची बाजू भिंतीकडे करून तो भाऊजींनी घरी आणला. साठीच्या माणसाला इतकं हरखलेलं मी क्वचित पाहिलंय. पुढचे दोन पाय केसभर उंच केले, म्हणजे दार आपोआप मिटावं. मागे चार बोटं जागा सोडली. त्याच्यासाठी भिंतीत वेगळा प्लग बसवून घेतला. दोन दिवस रिकामा चालवून बघितला आणि मगच आत सामान लावलं.

सामान लावणं हाही सोहळाच होता. दूध कुठे, अंडी कुठे, फळं कुठे, याचा नकाशा काढून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ताई म्हणाली, माझ्याच घरात आता मला पत्ता विचारत फिरावं लागणार. सगळ्यात शेवटी राहिली ताईची इन्सुलिनची बाटली. ताईला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार, रोज सकाळ-संध्याकाळ सुई. जुन्या फ्रिजमध्ये ती बाटली दारातल्या खणात असायची. भाऊजी म्हणाले, दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा, उघडलं की बाहेरची हवा लागते, तिथे औषध ठेवणं हा अडाणीपणा. त्यांनी बाटली वरच्या फळीवर अगदी मागे, मधल्या भिंतीला लागून ठेवली. या फ्रिजमध्ये गारवा तयार होतो फ्रीजरच्या बाजूला, आणि मधल्या भिंतीतल्या एका छोट्या खिडकीतून पंखा तो दुसऱ्या बाजूला ढकलतो. त्या खिडकीच्या तोंडाशी बाटली. "गार हवा आली की पहिल्यांदा तुझ्या औषधाला," ते ताईला म्हणाले. बायकोला द्यायला त्यांच्याकडे याहून मोठं काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई त्यांना म्हणाली की बाटलीत बर्फासारखं काहीतरी चमकतंय. भाऊजी उठले, फ्रिजपाशी गेले, पडद्यावरचा आकडा बघितला. चार. चार डिग्रीला बर्फ होत नसतो, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून ते परत येऊन बसले. दार उघडून बाटली बघितली नाही. ताईने मलाही फोनवर हे सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं, भाऊजींपेक्षा तुला जास्त कळतं का त्यातलं?

त्यानंतर ताईची साखर चढायला लागली. दोनशेवर गेली, अडीचशे, मग तीनशे. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, मग आणखी वाढवला. वीस युनिटवरून चार महिन्यांत चाळीसवर आणला, तरी साखर उतरेना. डोळे तपासणाऱ्यांनी सांगितलं की डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसताहेत, साखर आटोक्यात आली नाही तर डोळा हातचा जाईल. ताई घरी पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते. सुईत दोरा ओवायला ती एव्हाना खिडकीशी जायला लागली होती. सगळे एकच प्रश्न विचारत होते, खाण्यात काय येतंय? ताई म्हणायची, काही नाही.

मग भाऊजींना शिलाई मशीनच्या खणात चॉकलेटचे कागद सापडले. आठ-दहा होते, नीट घडी करून ठेवलेले. भाऊजींनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि मला बोलावलं. ताईने लगेच कबूल केलं. म्हणाली, मधेच एखाद्या दिवशी हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आतून सगळं ओढल्यासारखं होतं, मग खाते एखादं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. साखर तीनशे आणि म्हणे साखर कमी पडल्यासारखं होतं. मला हसू आलं, ते मी दाबलंसुद्धा नाही. वर्गात मुलं गृहपाठ न करण्याची कारणं सांगतात, त्यातलंच मला ते एक वाटलं.

त्या दिवसापासून भाऊजी स्वतःच्या घरात मेकॅनिकची युक्ती वापरायला लागले. सकाळी कामावर जाताना दोन बटणं दाबून आकडा शून्यावर आणायचे, संध्याकाळी आल्यावर वाचायचे. एक दिवस नऊ, दुसऱ्या दिवशी अकरा. घरात एकटी बाई, दुपारचं जेवण टेबलावर झाकलेलं, दूध एकदा लागणार. मग बाकीच्या वेळा कशाला? एका रविवारी मला बसवून त्यांनी ताईला हे विचारलं. ती म्हणाली, बाटली बघायला उघडते. अकरा वेळा बाटली बघतेस? तिने कात्री हातात घेतली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "हे बघ, मी तुला खोटं म्हणत नाही. पण फ्रिज खोटं बोलत नाही." मी त्यात भर घातली, ताई, डोळा गेला तर शिवणार कशी, जरा जिभेला आवर घाल. ती खाली मान घालून एका गणवेशाची शिवण उसवत राहिली. तिला रागही आला नाही, याचंच तेव्हा मला जरा नवल वाटलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून घर साफ केलं. चॉकलेटं, जॅम, मध, सगळं माझ्या घरी नेलं. साखरेचा नि बिस्किटांचा असे दोन डबे तेवढे चहाला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवले, पण सगळ्यात वरच्या फळीवर. मी समोरच्याच इमारतीत राहते आणि माझी शाळा दुपारची असते. म्हणून भाऊजी कामावर गेले की मी सकाळी ताईकडे जाऊन बसायचं असं ठरलं. कशासाठी ते कोणी उघड बोललं नाही. पहारा देण्यासाठी, आणखी कशासाठी?

त्या दिवशी औषधाची जुनी बाटली संपली होती. येता येता मी औषधाच्या दुकानातून नवी घेतली आणि ताईच्या हातात दिली. तिने त्यातूनच चाळीस युनिट टोचून घेतलं, नाश्ता केला, मी बाटली नकाशाप्रमाणे मागे खिडकीशी ठेवली, आणि ती मशीनवर बसली. मी वह्या तपासत होते. अकराच्या सुमाराला मशीनचा आवाज थांबला. बघितलं तर शिवण कापड सोडून भलतीकडे गेलेली आणि ताई सुईकडे नुसती बघत बसलेली. कपाळावर घाम होता. मी विचारलं, काय झालं, तर ती काहीतरी पुटपुटली. मग उठली, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि साखरेचा डबा काढला. माझं डोकंच फिरलं. माझ्यासमोर, ढळढळीत! मी जाऊन डबा हिसकावला.

"एक चमचा दे," ती म्हणाली. जीभ जड झाली होती तिची.

मी म्हटलं, माझ्यासमोर तरी नको ताई.

"मी पडेन गं."

"पड मग," मी म्हटलं.

आणि ती पडली. टेबलाचा कोपरा धरायला गेली, तो तिला सापडला नाही, आणि ती अशी काही खाली गेली की मला आधी वाटलं बसतेय. मग तिचे डोळे दिसले. उघडे होते आणि त्यात ताई नव्हती. मी किंचाळले असेन, कारण खालच्या मजल्यावरची परिचारिका, जी त्या दिवशी सुदैवाने घरी होती, धावत वर आली. तिने ताईच्याच साखर मोजायच्या मशीनने बोटातलं रक्त तपासलं. चौतीस. मला वाटलं मशीन बिघडलंय. तीनशेचौतीस असेल, मी म्हणाले. ती माझ्यावर ओरडली, "साखर कुठे आहे, साखर!"

डबा माझ्या काखेत होता. इतका वेळ मी तो तसाच धरून उभी होते.

तिने ताईला कुशीवर वळवलं, थोडी साखर ओली करून बोटाने गालाच्या आत चोळली, मी फोन केले, रुग्णवाहिका आली. दवाखान्यात शिरेतून साखरेचं पाणी गेलं तेव्हा कुठे अर्ध्या तासाने ताईने मान हलवली. भाऊजी शोरूमच्या गणवेशातच आले होते, हातात टेप तशीच. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, काल आणि आजमध्ये फरक काय? डोस तोच, खाणं तेच, मग एकदम इतकी खाली कशी? मी म्हटलं, फरक काहीच नाही, फक्त बाटली नवी. त्या थांबल्या. त्यांनी विचारलं, बाटली ठेवता कुठे?

भाऊजींनी सांगितलं. अशा वेळीसुद्धा त्यांनी ते नीट सांगितलं, कुठली फळी, मागची खिडकी, हवा कशी येते. त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. त्या म्हणाल्या की इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं, परत वितळलं तरी त्याचा भरवसा नाही. "मी चार महिने मेलेल्या औषधाचा डोस वाढवत होते. आज पहिल्यांदा चाळीस युनिट जिवंत गेलं." एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. मधेच एखाद्या दिवशी ताईचे हातपाय का थरथरायचे ते मला तेव्हा कळलं, तो नव्या बाटलीच्या पहिल्या सुईचा दिवस असायचा.

भाऊजी म्हणाले, तिथे चार डिग्री असतं.

ताईचे कपडे आणायचे होते म्हणून आम्ही दोघं घरी गेलो. ते सरळ फ्रिजकडे गेले, खिशातला थर्मामीटर त्या खिडकीच्या तोंडाशी ठेवला, त्याची वायर दारातून बाहेर घेतली आणि दार लावलं. फ्रिजच्या पडद्यावर चार होते. थर्मामीटरवरही सुरुवातीला चार दिसले, भाऊजींनी श्वास सोडला. मग आतून घुर्र आवाज आला, कॉम्प्रेसर चालू झाला, पंखा फिरायला लागला. तीन. एक. शून्य. भाऊजी वाकून बघत होते. उणे दोन. उणे चारवर आकडा थांबला. फ्रिजच्या पडद्यावर अजून चारच होते, कारण त्याचा तापमान मोजणारा सेन्सर मधल्या फळीशी, खिडकीपासून लांब बसवलेला असतो. हे भाऊजींना माहीत होतं. तीस वर्षांपासून माहीत होतं.

त्यांनी दार उघडून सकाळची बाटली काढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. आत बर्फाची बारीक काडी आडवी तरंगत होती. मला एकदम आठवलं. माझ्याकडे असाच फ्रिज घेतला तेव्हा भाऊजींनी मला दम दिला होता, त्या खिडकीसमोर काकडी ठेवायची नाही, पालेभाजी ठेवायची नाही, गोठते. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे सांगत. मी ते त्यांच्या तोंडावर फेकलं. काकडी गोठते हे कळत होतं तुम्हाला, भाऊजी! ते फरशीवर बसले, ताई पडली होती त्याच जागी. मग म्हणाले की तरुणपणी एका मोठ्या औषधांच्या गोदामातला डीप फ्रीजर सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे औषधं बर्फात असायची, आणि वीज गेली की साहेब लोक धावत सुटायचे. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं, औषध जितकं गार तितकं सुरक्षित. "भाजी गोठते, औषध टिकतं. मी दोन्हीचा एकत्र विचारच केला नाही कधी."

आता ते कोणाच्या घरी माप घ्यायला गेले की टेप काढायच्या आधी विचारतात, घरात कोणी सुईचं औषध घेतं का. बाटली दारातल्या मधल्या खणात ठेवायला लावतात, शेजारी पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला जातात. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी त्यांना उठता येईना. मी हात देऊन उठवलं.

दवाखान्यात परत आलो तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा, पण डोळ्यांत ती परत आली होती. भाऊजी तिच्या खाटेशी उभे राहिले. बसले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं की तिथे उणे चार होतं.

ताई म्हणाली, "मला माहीत होतं."

मग दारात का ठेवली नाहीस, त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. ताई म्हणाली, "ठेवली होती. दोनदा. तुम्ही दोन्ही वेळा परत मागे नेऊन ठेवलीत." मग तिने सांगितलं की भाऊजी कामावर गेले की ती बाटली काढून मुठीत धरायची, बर्फ वितळेपर्यंत. मग परत जागेवर ठेवायची, म्हणजे नकाशा बिघडू नये. थोड्या वेळाने पुन्हा बघायची, तर पुन्हा बर्फ. असं दिवसभर चालायचं. अकरा वेळा कशाला उघडतेस, याचं उत्तर ते होतं. ते उत्तर तिने आम्हाला दिलंही होतं, निम्मं. आम्ही पुढचं विचारलं नाही.

मी तिची माफी मागायला पुढे झाले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही गं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की मी खात असेन आणि विसरत असेन. तुम्ही दोघं एवढं ठामपणे सांगत होतात. परवा मी डब्यातली बिस्किटं मोजून ठेवली. म्हटलं, बघू, कमी होतात का."

स्वतःला पकडायला. माझी बहीण स्वतःवर पाळत ठेवत होती. भाऊजींनी खाटेचा गज धरला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या वेळीही ते रडले नाहीत.

तेवढ्यात वॉर्डमधली परिचारिका ट्रे घेऊन आली. साखर घातलेला चहा आणि ताटलीत दोन क्रीमची बिस्किटं. दोन्ही संपवायची, साखर अजून वर यायला हवी, असं बजावून ती पुढच्या खाटेकडे गेली. ताईने एक बिस्किट उचललं. तोंडापर्यंत नेलं आणि तिथेच थांबली. तिने आधी भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खाऊ ना?" तिने विचारलं.